पडद्यामागचे प्लास्टिक

२००८ च्या सप्टेंबरमध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात एका कारखान्याचे उद्घाटन झाले. मुहूर्त काही बरा म्हणता येणार नाही. त्याच महिन्यात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बँक कोसळली आणि जगभरच्या बाजारांचे धाबे दणाणले. पण ड्रेस्डेनला जमलेल्या मंडळींच्या उत्साहाला तोटा नव्हता. ‘प्लास्टिक लॉजिक’ या केंब्रिजच्या कंपनीने इथे असे पडदे बनवायचे ठरवले होते, ज्यांच्यामागचे लाखो ट्रान्झिस्टर सिलिकॉनचे नसतील, सेंद्रिय पदार्थांचे म्हणजे कार्बनी रेणूंचे असतील, आणि ज्यांना काचेचा आधार लागणार नाही. पडदा हातातून पडला तरी फुटणार नव्हता. कागदासारखा वाकणारही होता.

जागाही विचारपूर्वक निवडलेली होती. पूर्व जर्मनीच्या काळापासून ड्रेस्डेन म्हणजे चिप बनवणाऱ्यांचे गाव. १९८८ साली इथल्याच इंजिनिअरांनी बनवलेली एक मेगाबिटची चिप मोठ्या थाटात पूर्व जर्मनीचे सर्वेसर्वा एरिक होनेकर यांच्या हाती ठेवली गेली होती. पुढच्याच वर्षी बर्लिनची भिंत पडली आणि त्या चिपचे अप्रूप कोणालाच उरले नाही. चिपचे काम जाणणारी माणसे मात्र गावातच राहिली. त्यांच्या जोरावर पुढे अमेरिकी आणि जर्मन कंपन्यांनी इथे बस्तान बसवले.

प्लास्टिक लॉजिकचे काय झाले, ते यथावकाश येईलच. त्याआधी एक विसंगती सांगायला हवी. आज ज्या फोनच्या जाहिरातीत ‘ओलेड’ किंवा ‘अ‍ॅमोलेड’ हा शब्द असतो, त्याच्या पडद्यातला प्रकाश सेंद्रिय रेणूच देतात. लाल, हिरवा, निळा, सगळा कार्बनचा खेळ. पण तो प्रकाश कधी लावायचा, किती लावायचा आणि कधी विझवायचा, हे ठरवणारे ट्रान्झिस्टर मात्र सिलिकॉनचे किंवा धातूंच्या ऑक्साइडचे असतात. सेंद्रिय दिवा आणि सेंद्रिय ट्रान्झिस्टर ही जवळजवळ जुळी भावंडे. १९८०च्या दशकातच दोघे बाळसे धरू लागले, काही ठिकाणी तर एकाच प्रयोगशाळेत. त्यातला एक कोट्यवधी खिशांत जाऊन बसला आणि दुसऱ्याला तीस वर्षे कारखान्याच्या दारातच ताटकळावे लागले.

पडद्याला मुळात ट्रान्झिस्टर लागतो कशाला? पडदा म्हणजे आडव्या-उभ्या तारांची जाळी. जिथे दोन तारा एकमेकींना छेदतात तिथे एक ठिपका. चित्र उमटवायचे तर एकेक आडवी ओळ क्रमाने जागी करायची आणि उभ्या तारांमधून त्या ओळीतल्या प्रत्येक ठिपक्याला त्याचा व्होल्टेज द्यायचा. ओळी सहाशे असतील, तर प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला वेळेचा सहाशेवा हिस्साच येतो. उरलेल्या वेळात तो ठिपका आपले काम विसरतो, शिवाय शेजारच्या ओळींचा व्होल्टेजही त्याच्यात झिरपतो. चित्र फिके पडते, सावल्या उमटतात. यावर उपाय एकच. प्रत्येक ठिपक्यामागे एक ट्रान्झिस्टर बसवायचा. ओळीची पाळी आली की त्याने व्होल्टेज आत घ्यायचा आणि पुढची पाळी येईपर्यंत तो धरून ठेवायचा. आठशे गुणिले सहाशेच्या साध्या पडद्यालाही असे चार लाख ऐंशी हजार ट्रान्झिस्टर लागतात. त्यातले मूठभर जरी मुके निघाले तरी डोळ्यांना खुपतात.

हे प्रत्यक्ष करून दाखवले ते पीटर ब्रॉडी यांनी. जन्माने हंगेरियन असलेले ब्रॉडी अमेरिकेत पिट्सबर्गच्या वेस्टिंगहाउस कंपनीत काम करत. १९७३ साली त्यांच्या गटाने कॅडमियम सेलेनाइडच्या पातळ थराचे ट्रान्झिस्टर काचेवर बसवून सहा इंची लिक्विड क्रिस्टल पडदा चालवला. १९७९ मध्ये वेस्टिंगहाउसने तो प्रकल्पच बंद केला. योगायोग असा की त्याच वर्षी स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठात वॉल्टर स्पिअर आणि पीटर लेकोंबर यांनी दुसरा मार्ग दाखवला: अस्फटिकी सिलिकॉन. स्फटिकाची शिस्त नसलेले हे सिलिकॉन मोठ्या काचेवर वायूतून थेट बसवता येते. जपान्यांनी ते उचलले. १९८८ मध्ये शार्पने १४ इंची रंगीत पडदा दाखवला आणि लॅपटॉपपासून टीव्हीपर्यंतचा रस्ता मोकळा झाला.

पण अस्फटिकी सिलिकॉनला सुमारे तीनशे अंश सेल्सिअसची आच लागते. काच ती सहज सोसते. साधे, स्वस्त, पारदर्शक प्लास्टिक मऊ पडते, आकसते, वाकडे होते. म्हणून सपाट पडद्याच्या व्यवसायाची गाठ काचेशी पडली ती कायमची. ज्यांना ही गाठ सोडवायची होती, त्यांची नजर शंभर अंशांच्या आत काम उरकणाऱ्या पदार्थांकडे वळणे साहजिक होते. आणि असे पदार्थ रसायनशास्त्रज्ञांच्या कपाटात पूर्वीपासून होते.

तोक्यो विद्यापीठात हिदेओ अकामात्सु आणि हिरोओ इनोकुची १९५० च्या सुमारास रंगद्रव्यांच्या कुळातल्या सेंद्रिय संयुगांतून वीज कशी वाहते ते मोजत होते. १९५४ मध्ये त्यांनी पेरिलीनमध्ये ब्रोमीन मिसळले आणि एरवी विजेला दाद न देणारा तो पदार्थ चांगलाच वाहक झाला. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियात डोनाल्ड वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिपायरोल या पॉलिमरची वाहकता नोंदवली. तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. लक्ष वेधले ते पॉलिअ‍ॅसिटिलीनने. तोक्योत हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत एकदा उत्प्रेरक हजारपट जास्त पडला आणि काळ्या भुकटीऐवजी चंदेरी पापुद्रा तयार झाला. तो पापुद्रा अमेरिकेच्या अ‍ॅलन मॅकडायर्मिड यांच्या दृष्टीस पडला, त्यांनी शिराकावांना पेनसिल्व्हेनियाला बोलावून घेतले आणि तिथे अ‍ॅलन हीगर यांच्यासह १९७७ मध्ये आयोडीनची वाफ देऊन त्या पापुद्र्याची वाहकता कोटीपटीने वाढवली. २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले. ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की सेंद्रिय इलेक्ट्रॉनिक्सचा जन्मच तिथे झाला असे अनेकांना वाटते. इनोकुचींना त्या श्रेयात आणखी थोडा वाटा मिळायला हवा होता.

वाहक पॉलिमर मिळाले तरी ट्रान्झिस्टर मिळत नाही. ट्रान्झिस्टरला हवा अर्धवाहक: एरवी वीज अडवणारा, पण शेजारच्या इलेक्ट्रोडवर व्होल्टेज दिला की वाट करून देणारा. या शेजारच्या इलेक्ट्रोडला गेट म्हणतात. गेट आणि अर्धवाहक यांच्यामध्ये निरोधकाचा पातळ थर असतो. गेटवर व्होल्टेज चढला की त्या थराच्या पलीकडे, अर्धवाहकाच्या अगदी कडेला, विद्युतभार गोळा होतात आणि दोन टोकांमध्ये मार्ग तयार होतो. १९८६ मध्ये जपानच्या मित्सुबिशी इलेक्ट्रिकमधल्या त्सुमुरा, कोएझुका आणि आंदो या तिघांनी पॉलिथायोफीन वापरून असा ट्रान्झिस्टर बनवला. सेंद्रिय ट्रान्झिस्टरचा इतिहास सहसा इथून मोजतात.

तो चालत होता, इतकेच. विद्युतभार किती चपळाईने धावतात याच्या मापाला मोबिलिटी म्हणतात. चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट प्रति सेकंद या एककात मित्सुबिशीच्या ट्रान्झिस्टरचा आकडा एकाच्या लाखाव्या हिश्श्याच्या आसपास होता. अस्फटिकी सिलिकॉनचा आकडा अर्धा ते एक. चिपमधल्या शुद्ध स्फटिकी सिलिकॉनचा हजाराच्या पुढे. एवढी तफावत का? सिलिकॉनच्या स्फटिकात अणू एकमेकांना घट्ट बांधलेले असतात, इलेक्ट्रॉनला सलग वाट मिळते. सेंद्रिय पदार्थात रेणू एकमेकांना नुसते टेकलेले असतात. ओढ्यातल्या दगडांवरून उड्या मारत पैलतीर गाठावा तसा विद्युतभार एका रेणूवरून दुसऱ्यावर जातो, आणि एखादा दगड जरा लांब पडला की तिथेच खोळंबतो. पुढची पंधरा वर्षे रसायनशास्त्रज्ञांनी जे काही केले, ते रेणू एकमेकांशेजारी अधिक नीट रचून बसवण्यासाठीच.

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत रिचर्ड फ्रेंड यांच्याकडे जेरेमी बरोज नावाचा विद्यार्थी पॉलिअ‍ॅसिटिलीनचे ट्रान्झिस्टर करत होता. १९८८ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचा लेख आला. आकडे तेव्हाही माफकच होते, पण पॉलिमरमधला विद्युतभार सिलिकॉनमधल्यासारखा वागत नाही, तो स्वतःभोवतीची रेणूंची साखळी थोडी वाकवतो आणि ते वाकणे प्रकाशाच्या शोषणात दिसते, हे त्यांनी ट्रान्झिस्टरच्या आतच पकडले होते. पाठोपाठ पीपीव्ही या दुसऱ्या एका पॉलिमरच्या विद्युत चाचण्या करताना बरोज यांना नमुन्यातून पिवळसर हिरवा उजेड येताना दिसला. १९९० च्या ऑक्टोबरमध्ये ‘नेचर’मध्ये पॉलिमरच्या दिव्याची बातमी जगाला कळली. कोडॅकच्या चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी छोट्या रेणूंपासून सेंद्रिय दिवा १९८७ मध्येच बनवला होता. पण तो निर्वात पात्रात वाफ करून थरांवर थर चढवत बनवावा लागे. पॉलिमर द्रावणातून पसरता येत होता. शाईसारखा.

द्रावणाच्या या गुणाची भुरळ सगळ्यांनाच पडली. फ्रान्समध्ये फ्रान्सिस गार्निए यांच्या गटाने १९९० मध्ये सगळाच्या सगळा सेंद्रिय ट्रान्झिस्टर केला आणि १९९४ मध्ये तो छपाईच्या तंत्राने करून दाखवला. पडदे वर्तमानपत्रासारखे छापून निघतील, चौरस मीटरच्या भावाने विकले जातील, अशी वाक्ये त्या काळच्या लेखांमध्ये पानोपानी सापडतात. पुढच्या सगळ्या घोटाळ्याचे मूळ या वाक्यांमध्ये आहे. सेंद्रिय ट्रान्झिस्टरची ओळख करून दिली गेली ती ‘स्वस्त’ म्हणून. अस्फटिकी सिलिकॉनचे कारखाने दरसाल मोठी काच आणि कमी भाव घेऊन येत असताना स्वस्ताईच्या बाजारात उतरणे म्हणजे त्यांच्याच अंगणात जाऊन त्यांच्याशी कुस्ती धरणे होते.

दरम्यान मोबिलिटी मात्र खरोखरच वाढत होती. पाच बेंझिन कडी एका ओळीत जोडलेला पेंटासीन नावाचा रेणू त्या शर्यतीचा नायक ठरला. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात टॉम जॅक्सन यांच्या गटाने १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात पेंटासीनच्या ट्रान्झिस्टरला एकाचा आकडा ओलांडून दिला. दहा वर्षांत लाखपट! अस्फटिकी सिलिकॉनची बरोबरी झाली होती. १९९८ मध्ये दोन ठिकाणी, केंब्रिजला हेनिंग झिरिंगहाउस यांच्या हातून आणि अमेरिकेत बेल लॅब्समध्ये, सेंद्रिय ट्रान्झिस्टरने सेंद्रिय दिवा चालवला गेला. बेल लॅब्समधल्या त्या गटाचे नेतृत्व आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले अनंत दोडबळापूर करत होते. एकच ठिपका, पण भावंडे एकत्र आली होती.

याच बेल लॅब्सच्या इमारतीत पुढची तीन-चार वर्षे जे घडले, ते या क्षेत्रातल्या लोकांना आजही आठवायला आवडत नाही.

यान हेन्ड्रिक शोन हा जर्मन तरुण तिथे सेंद्रिय स्फटिकांवर काम करत होता. पेंटासीन, टेट्रासीन यांचे स्फटिक घ्यायचे, त्यांवर गेट बसवायचे आणि मोजायचे. त्याला जे मिळत होते ते थक्क करणारे होते. सेंद्रिय लेसर, सेंद्रिय अतिवाहकता आणि २००१ मध्ये तर एकाच रेणूच्या जाडीचा ट्रान्झिस्टर. त्या वर्षी सरासरी आठ दिवसांना एक शोधनिबंध त्याच्या नावावर जमा होत होता. जगभरच्या प्रयोगशाळांनी तेच प्रयोग करून पाहिले, कोणालाच जमेना. आपल्याच हाताला गुण नाही असे समजून कित्येक विद्यार्थ्यांनी वर्षे घालवली. मग २००२ मध्ये प्रिन्स्टनच्या लिडिया सोन आणि कॉर्नेलचे पॉल मॅक्युएन यांच्या लक्षात आले की वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांमधली बारीक खरखर, जी प्रत्येक वेळी वेगळी असायलाच हवी, ती हुबेहूब सारखी आहे. स्टॅनफर्डचे माल्कम बीस्ली यांच्या समितीने चोवीस आरोप तपासले आणि सोळांमध्ये गैरवर्तन सिद्ध झाल्याचा निर्वाळा दिला. मूळ नोंदी नव्हत्या, नमुने नव्हते. शोनला काढून टाकले गेले. ‘सायन्स’, ‘नेचर’ आणि फिजिकल रिव्ह्यूच्या नियतकालिकांतून त्याचे लेख मागे घेतले गेले. पुढे कॉन्स्टान्झ विद्यापीठाने डॉक्टरेटही काढून घेतली.

शोनच्या लबाडीचा पडद्यांच्या कामाशी थेट संबंध नव्हता. तो स्फटिकांच्या गोष्टी करत होता, पडदेवाले पातळ थरांच्या. पण सेंद्रिय ट्रान्झिस्टर म्हटले की ऐकणाऱ्याची भुवई वर जाणे तेव्हापासून सुरू झाले. एक बरे झाले: लोक सावध मोजमाप करू लागले. रट्गर्स विद्यापीठात रुब्रीनच्या स्वच्छ स्फटिकावर, कुणालाही पडताळता येतील असे दहाच्या वरचे आकडे त्यानंतर दोन-तीन वर्षांतच मिळाले. शोनने ज्या दिशेने थापा मारल्या होत्या, त्या दिशेला खरोखरच काहीतरी होते.

केंब्रिजमध्ये झिरिंगहाउस तोवर छपाईच्या मागे लागले होते. इंकजेटचा थेंब कागदावर पडला की पसरतो. ट्रान्झिस्टरच्या दोन टोकांमधले अंतर मात्र काही मायक्रोमीटरच हवे. २००० साली त्यांनी काढलेली तोड देखणी होती. पाण्याचा तिटकारा असलेल्या पॉलिइमाइडची पाच मायक्रोमीटर रुंदीची रेघ आधी आखून घ्यायची आणि पाण्यात विरघळलेल्या वाहक पॉलिमरचे थेंब तिच्या दोन्ही बाजूंना सोडायचे. थेंब रेघेपर्यंत येतात आणि थबकतात. मधली फट आपोआप राखली जाते. फ्रेंड आणि झिरिंगहाउस यांनी त्याच वर्षी प्लास्टिक लॉजिक स्थापन केली.

पण या ट्रान्झिस्टरने चालवायचे काय? दिवा चालवणे कठीण होते. सेंद्रिय दिव्याला सतत करंट लागतो, आणि त्याचा उजेड किती हे ट्रान्झिस्टरमधून जाणारा करंट ठरवतो. तासन्‌तास काम करून ट्रान्झिस्टरचा स्वभाव जरा जरी बदलला तरी चेहऱ्यावर डाग उमटावेत तसा पडदा चट्टेरी दिसतो. सेंद्रिय ट्रान्झिस्टरचा स्वभाव बदलत असे. हवेतला ओलावा, ऑक्सिजन आणि सततचा व्होल्टेज यांनी तो हटकून बदले. म्हणून नजर गेली ई-इंककडे. एमआयटीच्या मीडिया लॅबमधून १९९७ मध्ये बाहेर पडलेल्या या कंपनीच्या शाईत सूक्ष्म कुप्यांमध्ये काळे-पांढरे कण तरंगत असतात. व्होल्टेज दिला की एक रंग वर येतो आणि व्होल्टेज काढून घेतला तरी तिथेच राहतो. करंट जवळजवळ नाही, घाई नाही. संथ ट्रान्झिस्टरला शोभणारे संथ काम. बेल लॅब्समध्ये जॉन रॉजर्स, झेनान बाओ आदींनी २००० मध्येच रबरी शिक्का वापरून बनवलेल्या सेंद्रिय ट्रान्झिस्टरांवर ई-इंकचा वाकणारा पडदा चालवला होता. ठिपके अवघे २५६. पुढच्याच वर्षी फिलिप्सने ६४ गुणिले ६४ ठिपक्यांचा पडदा दाखवला, तो लिक्विड क्रिस्टलचा.

फिलिप्सला एक गोष्ट इतरांच्या आधी उमगली होती: या तंत्राने विकायचे ते वाकणे, स्वस्ताई नव्हे. आइंडहोव्हनच्या त्यांच्या ‘पॉलिमर व्हिजन’ने रीडियस नावाचे यंत्र आखले. खिशात मावेल एवढी डबी, उघडली की पाच इंची पडदा घडी मोडून बाहेर येतो आणि मिटताना साडेसात मिलिमीटर त्रिज्येच्या वळणात स्वतःभोवती गुंडाळला जातो. प्रदर्शनांमध्ये लोक ते पाहून हरखून जात. उत्पादनासाठी कंपनीने इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनला कारखाना घेतला. पण २००९ च्या उन्हाळ्यात पैसा संपला आणि दिवाळे निघाले. तैवानच्या विस्ट्रॉनने कंपनी उचलली, २०१२ च्या अखेरीस तीही बंद केली. रीडियस दुकानात पोहोचलेच नाही. घडीचा फोन लोक विकत घेऊ लागले ते सात वर्षांनी, २०१९ मध्ये, आणि त्याच्या पडद्यामागे सिलिकॉन होते.

आता पुन्हा ड्रेस्डेन. २००७ मध्ये प्लास्टिक लॉजिकने दहा कोटी डॉलर उभे केले होते, त्यातून हा कारखाना झाला. आतले खरे कौशल्य रसायनाच्या बाटलीत नव्हते, तर प्लास्टिकचा हट्टीपणा काबूत ठेवण्यात होते. ऊन-गारव्याने, ओलाव्याने प्लास्टिकचा पत्रा किंचित ताणतो-आकसतो. एका थराची नक्षी दुसऱ्या थराच्या नक्षीवर मायक्रोमीटरच्या हिशेबाने बसवायची तर पत्रा काचेच्या पाटीवर चिकटवून ठेवायचा, त्याचे आकसणे मोजत राहायचे, त्याप्रमाणे पुढची नक्षी सरकवायची आणि शेवटी तयार पडदा पाटीवरून सोलून काढायचा. ‘वर्तमानपत्रासारखी छपाई’ या स्वप्नापासून हे बरेच लांब होते, पण दहा लाखांच्या घरात ट्रान्झिस्टर एका पत्र्यावर बसत होते आणि चालत होते.

मग कंपनीने ठरवले, पडदा इतरांना विकण्यापेक्षा आपणच वाचनयंत्र बनवू. २०१० च्या जानेवारीत लास व्हेगासच्या प्रदर्शनात ‘क्यू’ अवतरले. १०.७ इंची पडदा, वहीच्या पानाएवढा आकार, सहज हातात धरता येईल असे वजन. गिऱ्हाईक कोण, तर ब्रीफकेसमध्ये कागदांचे गठ्ठे घेऊन फिरणारे साहेब लोक. किंमत ६४९ डॉलरपासून पुढे. त्याच महिन्याच्या २७ तारखेला स्टीव्ह जॉब्ज यांनी आयपॅड दाखवला: रंगीत, चित्रपट चालणारा, ४९९ डॉलरपासून. क्यूची विक्री एप्रिलवरून पुढे ढकलली गेली, मग आणखी पुढे, आणि ऑगस्टमध्ये ते रद्दच झाले.

आयपॅडला दोष देणे सोपे आहे, आणि बहुतेकांनी तेच केले. पण क्यूकडे नीट पाहिले तर आश्चर्य वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. जगातल्या मोजक्या वाकणाऱ्या पडद्यांपैकी एक घेऊन कंपनीने तो ताठ, न वाकणाऱ्या चौकटीत बसवला होता! फुटत नाही आणि हलका आहे, एवढेच त्याचे वेगळेपण ग्राहकाच्या हाती पोहोचत होते. बाकी तो किंडलसारखाच करड्या पानांचा पडदा, दुपटीहून महाग. पुढच्या वर्षी रुस्नानो या रशियाच्या सरकारी गुंतवणूक कंपनीने प्लास्टिक लॉजिकमध्ये पैसा घातला, रशियन शाळांसाठी वाचनयंत्राचा घाट घातला गेला. २०१२ मध्ये स्वतःची यंत्रे बनवण्याचा नाद कंपनीने सोडला.

दिव्याचा नाद मात्र सोनीने सोडला नव्हता. २००७ मध्ये त्यांनी सेंद्रिय ट्रान्झिस्टरवर चालणारा अडीच इंची पूर्ण रंगीत ओलेड पडदा दाखवला. २०१० चा त्यांचा नमुना तर आजही पाहण्यासारखा आहे: ४.१ इंची, केवळ ८० मायक्रोमीटर जाड, चार मिलिमीटर त्रिज्येच्या दांडीवर चलच्चित्र चालू असतानाच गुंडाळला जाणारा. हजार वेळा गुंडाळून-उलगडूनही चित्र टिकले होते. त्यासाठी पेंटासीनऐवजी हवेत टिकणारा नवा रेणू सोनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी शोधला होता. भावंडे एका अख्ख्या पडद्यावर एकत्र नांदू शकतात हे सोनीने सिद्ध केले, आणि ते विकायला कधीच काढले नाही.

कारण तोवर पलीकडे दोन घटना घडल्या होत्या. तोक्योत हिदेओ होसोनो यांनी २००४ मध्ये इंडियम, गॅलियम आणि झिंकच्या ऑक्साइडचा पारदर्शक, वाकणारा ट्रान्झिस्टर प्लास्टिकवर बनवून दाखवला. मोबिलिटी दहाच्या आसपास, आच कमी, आणि अस्फटिकी सिलिकॉनच्या कारखान्यातलीच बरीचशी यंत्रे चालणार. २०१२ मध्ये शार्पने त्याचे मोठे उत्पादन सुरू केले. दुसरी घटना कोरियात. सिलिकॉनला लागणारी आच सोसेल असे प्लास्टिकच शोधायचे असे तिथल्या कंपन्यांनी ठरवले. पिवळसर पॉलिइमाइड चारशे अंशांपर्यंत तग धरते. ते काचेवर द्रवरूपात ओतायचे, वर सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर बांधायचे आणि लेसरने पापुद्रा सोडवून घ्यायचा. प्लास्टिकला मानवेल असा ट्रान्झिस्टर शोधण्यात एका पंथाची वीस वर्षे गेली. दुसऱ्या पंथाने ट्रान्झिस्टरला मानवेल असे प्लास्टिक घेतले आणि बाजार नेला. सेंद्रिय ट्रान्झिस्टरने १९९० साली डोळ्यांसमोर ठेवलेले लक्ष्य गाठले होते, नव्हे, ओलांडले होते. हिरोशिमात काझुओ ताकिमिया यांच्या डीएनटीटीसारख्या रेणूंनी हवेत टिकण्याचा प्रश्नही बराच सोडवला. फक्त लक्ष्य जागेवर थांबले नव्हते.

केंब्रिजच्या दिव्याचे नशीबही फार निराळे नाही. पॉलिमरच्या दिव्यासाठी काढलेली केंब्रिज डिस्प्ले टेक्नॉलॉजी २००७ मध्ये जपानच्या सुमितोमो केमिकलने घेतली. फोनमध्ये गेला तो कोडॅकच्या वाटेने आलेला, वाफेतून बसवलेला छोटा रेणू. त्या वाटेवरचा एक मुक्काम पुन्हा ड्रेस्डेनच. तिथल्या तंत्र विद्यापीठात कार्ल लिओ यांनी सेंद्रिय थरांत मोजकी भेसळ करून दिव्याला लागणारा व्होल्टेज कमी करण्याचे तंत्र विकसित केले, त्यातून २००१ मध्ये नोव्हालेड ही कंपनी निघाली, आणि २०१३ मध्ये सॅमसंगने ती विकत घेतली. तेव्हा त्याच शहरातला प्लास्टिक ट्रान्झिस्टरचा कारखाना गिऱ्हाइकांच्या शोधात होता.

२०१५ मध्ये प्लास्टिक लॉजिकचे दोन तुकडे झाले. ड्रेस्डेनचा कारखाना जुन्या नावाने वाकणारे ई-पेपर पडदे करत राहिला. केंब्रिजचा भाग ‘फ्लेक्सएनेबल’ झाला. त्याने स्वतः पडदे विकायचे सोडून इतर कारखान्यांना तंत्र शिकवायचे आणि द्रावणे पुरवायची असा मार्ग धरला. त्यांचा युक्तिवाद आता बराच सरळ आहे: शंभर अंशांच्या आत काम होत असल्याने जुने, भांडवल वसूल झालेले अस्फटिकी सिलिकॉनचे कारखाने फारसा खर्च न करता वापरता येतात, आणि जिथे पडदा एखाद्या वस्तूच्या आकाराला लपेटायचा आहे तिथे हे प्लास्टिक काचेपेक्षा निमूटपणे वागते.

२०२४ मध्ये या तंत्राचा पडदा असलेली एक वस्तू ग्राहकांच्या हाती पडली. फ्रान्सच्या लेजर कंपनीचे ‘स्टॅक्स’, बिटकॉइनसारख्या चलनांच्या गुप्त किल्ल्या जपून ठेवणारे, क्रेडिट कार्डाएवढे यंत्र. त्याची आखणी आयपॉडवर काम केलेल्या टोनी फॅडेल यांची. त्याचा ३.७ इंची ई-इंक पडदा एका बाजूने कडेवरून खाली वळतो. अशी यंत्रे चुंबकाने एकावर एक रचून ठेवता येतात, आणि वळलेल्या कडेवर प्रत्येकाचे नाव पुस्तकाच्या पाठीवर छापावे तसे वाचता येते.